शेंगा धरू देत, मग बघू

विहीणबाई, वालाला शेंगा धरल्या.

आज सकाळी मागच्या दारी पाणी घालायला गेले आणि तांब्या हातात तसाच राहिला. चपट्या, कोवळ्या, कडेला जांभळी झाक असलेल्या शेंगा. मी मोजल्या नाहीत. मोजल्या की नजर लागते असं तुम्ही म्हणायचात, आणि तसं म्हणत म्हणत सगळ्यात आधी तुम्हीच मोजून मोकळ्या व्हायचात.

तुमचं बारावं नुकतंच झालं. रोह्याजवळ अष्टमीला, तुमच्या प्रवीणच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. वडखळच्या पुढून, तुमच्या खाडीकाठच्या खारेपाटातून, टेम्पो भरून माणसं आली होती. तुम्ही मिठागरावर उन्हात कशा राबलात, तुमचे यजमान गेल्यावर प्रवीणला कसं शिकवलंत, हेच सगळे बोलत होते. मी भिंतीला टेकून बसले होते. मला कोणी काही विचारलं नाही. सुनेची आई, ती काय सांगणार विहिणीबद्दल? दोन विहिणींनी लग्नात एकमेकींकडे बघून हसावं, सणासुदीला चौकशी करावी आणि बाकी वेळ आपापल्या घरी राहावं, अशीच आपल्याकडची रीत. आपण दोघी दर आठवड्याला मातीत बसून भांडत होतो हे त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं?

आणि विचारलं असतं तरी मी काय बोलणार होते? माझ्या मनात एकच गोष्ट अडकून बसली आहे. पावसाळ्यात मी तुम्हाला विचारलं होतं, माझ्याकडे पेणला कायमच्या राहायला येता का. तुम्ही म्हणालात, "वाल लावू. शेंगा धरू देत, मग बघू." आता शेंगा धरल्या आहेत. हो की नाही, ते मी कोणाला विचारू?

तशी लग्नानंतरची कित्येक वर्षं आपण रीतीनंच वागलो. माझी मनीषा तुमच्या प्रवीणला दिली तेव्हा तुम्ही वरमाई, मी आपली हात जोडून उभी. मानाची म्हणून दिलेली साडी तुम्हाला मुळीच आवडली नव्हती, हे मला कळलं ते अगदी अलीकडे, तुमच्या हातात खुरपं असताना. "शेवाळी रंग दिलास गो मला. बांधावरनं घसरून आल्यावानी दिसत व्हते," म्हणालात. मला तो रंग अजूनही चांगला वाटतो. त्यावर आपलं एकमत व्हायचं राहून गेलं.

मग एका उधाणात खाडीचा बांध फुटला आणि तुमच्या भाताच्या शेतात खारं पाणी शिरलं. प्रवीणनं तुम्हाला अष्टमीला आणलं. घर चांगलं, मनीषा जपणारी, त्यात काही खोट नव्हती. पण प्रवीण कंपनीत शिफ्टला, मनीषा शाळेत, आणि गॅलरीतून दिसणार शेजारच्या इमारतीची भिंत. जन्मभर उघड्यावर वावरलेल्या बाईनं तिथं करायचं काय? एक दिवस तुम्ही रोह्याला गाडीत बसलात आणि पेणला माझ्या दारात येऊन उभ्या राहिलात. "सहज आले," म्हणालात.

माझी कोण धांदल उडाली! मुलाची आई, न कळवता दारात. मी खुर्ची पुसली, ठेवणीतले कप काढले, पोह्याचे पापड तळायला घेतले, मधेच कपाटात ब्लाउजपीस शोधायला धावले. बाहेर येऊन बघते तर खुर्ची रिकामी. तुम्ही मागचं दार उघडून परसाकडे बघत होतात.

"ही येवडी जागा पडून का ठेवलीस?"

"तिथं काही उगवत नाही हो."

"आमी मीठ पिकवलं. हितं चार काड्या कोथमीर नाय व्हनार?"

परसात काही उगवत नव्हतं त्याला कारण होतं. आमच्या ह्यांचा गणपतीचा कारखाना. उरलेला, वाळलेला, तडकलेला शाडू वर्षानुवर्षं मागच्या दारी पडायचा. हे गेले, कारखाना बंद झाला, माती तेवढी राहिली. पावसात चिकट आणि उन्हात वीट. मातीबद्दल मला ठाऊक होतं ते इतकंच की तिच्या मूर्ती होतात. आणि तुमचं म्हणाल तर भात सोडून तुम्ही आयुष्यात काही लावलं नव्हतं. तुमच्याकडे प्यायचं पाणी टँकरनं यायचं. ते मिरचीच्या रोपाला घातलं असतं तर सासूनं घराबाहेर काढलं असतं, हे तुम्हीच मला नंतर सांगितलंत. भाजी म्हणजे बाजारातून आणायची वस्तू. पण त्या दिवशी यातलं अवाक्षर बोलला नाहीत. तुमचा तोराच असा की मला वाटलं, बाईंना सगळं येतंय.

पुढच्या खेपेला तुम्ही ओल्या फडक्यात धणे आणि मेथी बांधून आणलीत. मेथीला मोड आले होते, धण्यांना आले नव्हते, पण ते आपण मनावर घेतलं नाही. तुम्ही मला बादल्या भरभरून पाणी आणायला लावलंत, पदर खोचलात आणि माझ्या परसाचा चिखल केलात. पायांनी तुडवून, फळीनं सारखा करून, अगदी रीतसर चिखलणी. मग वरून मुठीमुठीनं बी फेकलंत. तुमच्या खारेपाटात भात असाच करतात, मोड आलेलं बी चिखलात फेकून, आणि त्याला रहू म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. भाताला ते मानवतं. कोथिंबीर आणि मेथी पाण्यात उभी राहत नाही, हे आपल्या दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. त्यातून खाली शाडू, थेंब खाली जाईल तर शपथ! परसात तळं झालं. आधी वास सुटला, मग डास झाले, मग एक बेडूक मुक्कामाला आला. शेजारच्या कुंदाताई भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "काय गो, मासे सोडलेत काय?" मी चिडून तुम्हाला फोन लावला, तर तुमचा प्रश्न काय, "पानी तर हाय ना भरपूर?"

मग माझी पाळी आली. मनीषानं मला मोबाइलवर बागेचे व्हिडिओ लावून दिले. मी कुंड्या आणल्या, मिरचीची रोपं आणली आणि व्हिडिओतल्या एका बाईनं सांगितलेलं दुसऱ्या बाईनं सांगितलेल्यावर घालत गेले. चहाचा चोथा, कांद्याच्या सालांचं पाणी, आंबट ताक, अंड्याची टरफलं, केळ्याची सालं, आणि वर गोठ्यातून आणलेलं ताजं शेण. रोपं पिवळी पडली आणि माना टाकून बसली. तुम्ही आलात, कमरेवर हात ठेवून बघितलंत आणि म्हणालात, "जेवान झालं हिचं. आता विडा दे." मला इतका राग आला! "निदान मी तळं तरी नाही केलं," मी म्हणाले. चहा आपण एकमेकींकडे पाठ करून प्यायलो. चहा झाल्यावर तुम्ही उठलात, दोघींचे कप उचललेत आणि मोरीत जाऊन विसळलेत. मुलाच्या आईनं माझ्या घरी कप विसळला आणि मी तिला थांबवलं नाही. त्या दिवसापासून ब्लाउजपीस बंद झाले आणि तुमचं 'तू' मला खटकेनासं झालं.

आपल्याला जमलं ते अपघातानंच. परसाच्या कोपऱ्यात कारखान्यातला जुना काथ्या पडून पडून कुजला होता. बी फेकून झाल्यावर तुम्ही ते ओलं फडकं तिथं झटकलं होतंत आणि आपण दोघी विसरून गेलो होतो. एक दिवस मी आत कणीक मळत होते आणि तुम्ही ओरडलात, "गो विहीनबाय! धाव, धाव हिकडं!" मी काठी घेऊन धावले, मला वाटलं साप. तुम्ही उकिडव्या बसून हसत होतात. काथ्यात पाच-सहा काड्या कोथिंबीर उभी होती, आपली आपण, कोणी काही केलेलं नसताना. तुम्ही एक पान चुरडून माझ्या नाकाशी धरलंत. बाजारातून जुडी आणताना मी कधी असा वास घेतला नव्हता.

त्यावरून आपल्याला कळलं की माती मोकळी पाहिजे आणि पाणी निघून गेलं पाहिजे. मग कारखान्यातल्या रंगाच्या जुन्या बादल्या काढल्या, खरवडून धुतल्या. सळई तापवून बुडाला भोकं पाडायचं काम तुम्ही मला करू दिलं नाहीत. एकेक भोक पडलं की खूश व्हायचात. "जल्मभर पानी आडवत आले," म्हणालात, "आता सोडायला शिकते." कुजलेला काथ्या, वाळका पालापाचोळा, शेजारच्यांच्या गोठ्यातलं जुनं शेणखत आणि नदीकडची थोडी माती, असं कालवून आपण बादल्या भरल्या. कोथिंबीर आली, मेथी आली, पुदिना तर आवरेना. मिरचीनं मात्र शेवटपर्यंत माझ्यावरचा राग सोडला नाही. तिला तुम्ही पाणी घातलं की फुलं, मी घातलं की गळ.

पहिली कोथिंबीर काढली तो दिवस मला कोणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. तुमची गाडीची वेळ झाली होती. मी एक मूठ मुळासकट उपटली आणि कागद शोधायला लागले. तुम्ही दारात उभ्या राहून पदर पसरलात. "भर गो ओटी," म्हणालात, हसत. माझा हात थांबला. आपण दोघी बिननवऱ्याच्या. आपल्यासारखीची ओटी कोणी भरत नाही. हळदीकुंकवाला आपण आत स्वयंपाकघरात बसतो, चहा गाळत. तुमचा पदर तसाच पसरलेला होता. मी कोथिंबीर घातली, मातीसकट. तुम्ही त्यातली अर्धी उचललीत, "आता तुझा पदर कर," म्हणालात आणि माझ्या ओटीत घातलीत. कुंदाताई भिंतीपलीकडून बघत होत्या, बघेनात का. आपण हसायला लागलो आणि मग माझ्या डोळ्यांना पाणी आलं. तुम्ही "गाडी चुकंल" म्हणत पळालात, तोंड फिरवून. तुमच्याही डोळ्यांना आलं होतं, मी पाहिलं. मला त्या दिवशी तुम्ही काय दिलंत ते मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आज बोलते. हे गेल्यापासून कोणी मला एवढं भरून दिलं नव्हतं.

मग तो पावसाळ्यातला दिवस. पाणी भरून गाड्या बंद पडल्या आणि तुम्ही माझ्याकडे अडकलात. मागच्या खोलीत तुमचं अंथरूण घातलं, जिथं पूर्वी रंगवलेले गणपती वाळत ठेवायचे ती खोली. सकाळी मी उठून बघते तर तुम्ही त्या खोलीच्या उंबऱ्यात बसून बादल्यांकडे बघत होतात. केस मोकळे, चेहरा निवांत. "हितं झोप बरी लागली," म्हणालात. मी काही विचार केला नाही, तोंडातून निघून गेलं, "मग राहा ना इथंच. कायमच्या."

तुम्ही मोकळे केस बांधायला घेतलेत. मग म्हणालात, "लोक काय म्हनतील? सुनेनं काडली नि तिच्या आयशीनं ठेवून घेतली. मनीचं नाव खराब व्हईल गो."

म्हणजे मी तुमचा विचार करत होते आणि तुम्ही माझ्या मुलीचा. मी वाद घातला. मनीषाला मी सांगेन, प्रवीण समजूतदार आहे, तुम्ही येताच की नाहीतरी आठवड्याला. "येनं येगलं, ऱ्हानं येगलं," तुम्ही म्हणालात. आणि मग ते वालाचं. मला ते टाळल्यासारखं वाटलं. "सरळ नाही म्हणा की," मी फणकारले. तुम्ही उठून पुदिना खुडायला लागलात. त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही आणि तुम्हीही विषय काढला नाहीत. पण भातं कापून झाली तशी तुम्ही वालाचं बी घेऊन हजर झालात. गाडीत निडी स्टेशनात चढलेल्या एका बाईशी ओळख काढून पदरात बांधून आणलं होतंत. या खेपेला चिखल केला नाही. शाडू फोडून काढला, काथ्या मिसळला, कुंपणाच्या कडेनं ओळ धरली. बी टोचताना तुम्ही एकदाही थट्टा केली नाहीत.

वाद मात्र लगेच सुरू झाला. मला बिरड्यासाठी दाणे वाळवायचे होते, तुम्हाला हिरव्या शेंगा मडक्यात भाजून पोपटी लावायची होती. मडकं मी आणीन, भांबुर्ड्याचा पाला मी आणीन, तू नुसती बसून खा, असं तुमचं. परसात जाळ केला तर कुंदाताई बंब बोलावतील, असं माझं. पालवी आली, फुलं आली, तरी वाद मिटला नव्हता. मला वाटायचं, चालू दे. शेंगा धरेपर्यंत वेळ आहे.

मग एका सकाळी प्रवीणचा फोन आला. तुम्ही अंघोळीचं पाणी काढलंत, जरा बसते म्हणालात आणि बसल्या ठिकाणीच गेलात. आजार नाही, दवाखाना नाही. सगळे म्हणतात, पुण्यवान होत्या, कोणाला त्रास दिला नाही. मला त्याचा रागच येतो. थोडा त्रास द्यायचा होतात. मी आले असते उशाशी बसायला.

बाराव्याला माणसं पांगल्यावर मनीषा माझ्याजवळ येऊन बसली. "आई, त्यांना आमच्याकडे काही कमी पडलं का गं? सारख्या तुझ्याकडे यायच्या." मी म्हटलं, "नाही गं, बागेसाठी यायच्या." एवढंच म्हटलं. दुसरं काय म्हणणार, मलाच ठाऊक नव्हतं. तुम्हाला माझ्याकडे यायचं होतं की विहिणीचं मन मोडायचं नाही म्हणून तुम्ही मला वालाच्या शेंगा दाखवून गप्प केलंत? परत येताना गाडीत हेच डोक्यात. मी उगाच गळ्यात पडत होते का तुमच्या?

तर आज शेंगा बघितल्या आणि तांब्या खाली ठेवला. मागच्या खोलीच्या पायरीवर टेकले. टाचेखाली काहीतरी खरखरलं. बघते तर गवती चहा.

शेवटच्या खेपेला आणला होतात, रोह्याच्या बाजारातून, मुळासकट ठोंब. मी म्हटलं होतं, तिकडे टाकीजवळ लावा, ओल आहे. तुम्ही ऐकलं नाहीत. पायरीला खेटून, अगदी दाराशी खड्डा केलात. "अहो, जाता-येता पायात येईल," मी ओरडले. "हितंच बरा," तुम्ही वर न बघता म्हणालात. "सकालचं उठल्या उठल्या हाताशी पायजे." मी बरं म्हणून कणीक मळायला आत गेले. मी काही लक्ष दिलं नाही.

विहीणबाई, मी झोपते पुढच्या खोलीत. माझा स्वयंपाकाचा ओटा घराच्या दुसऱ्या टोकाला. मागच्या खोलीत कोणी झोपत नाही, तिथून कोणी सकाळी उठत नाही. आणि गवती चहाच्या वासानं माझं डोकं चढतं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक. म्हणून तर माझ्याकडे इतके दिवस तोंड वाकडं करत आल्याचा चहा प्यायलात. मग उठल्या उठल्या हाताशी पाहिजे होता तो कोणाच्या?

येणार होतात ना हो तुम्ही! मग एक शब्द बोलायला काय झालं होतं? मी खोली झाडून, खाट घालून ठेवली असती.